पोचलं का?

चौदा वर्षं मी स्कूटरवरून फिरून विक्री केली. इंदूरचा दवा बाजार, सियागंज, देवासची पेठ, उज्जैनच्या गल्ल्या. औषधांच्या दुकानदारांना बिलं आणि साठ्याचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर विकायचं, हे माझं काम. कोणत्या दुकानात दुपारी गर्दी असते, कोणता मालक चहा सांगितल्याशिवाय बोलत नाही, हे मला पाठ होतं. समोरच्याचा हात गल्ल्याकडे गेला की मी थांबायचे. त्यानं पोऱ्याला "दो चाय" म्हटलं की समजायचं, आता बोलायला हरकत नाही.

मला वाटायचं, मी छान बोलते म्हणून माझा माल खपतो. ते पूर्ण खरं नव्हतं, हे कळायला २०२० साल उजाडावं लागलं.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. औषधांची दुकानं उघडी होती, पण आम्हाला तिथं जायची सोय नव्हती. जूनमध्ये कंपनीनं इंदूरचं ऑफिस कायमचं बंद केलं आणि सांगितलं, यापुढे सगळं घरून. एक लॅपटॉप आला, एक हेडफोन आला आणि महिन्याला आठ ग्राहकांचं टार्गेट आलं.

माझा पहिला ऑनलाइन डेमो खरगोनच्या एका दुकानदाराला होता. मी नवी साडी नेसून बसले. स्क्रीन शेअर केली आणि सुरू झाले. बिल कसं बनतं, जीएसटीचा रिपोर्ट कसा निघतो, कोणतं औषध संपत आलंय ते कसं कळतं. पस्तीस मिनिटं मी न थांबता बोलले. स्वतःवरच खूश होऊन शेवटी विचारलं, "भैया, कुछ पूछना है?"

उत्तर नाही.

पुन्हा विचारलं. मग एका लहान मुलाचा आवाज आला, "पापा तो कब के दुकान में गए."

घरात सगळे हसले. मीही हसले. पण त्या रात्री झोप लागली नाही. तो कितव्या मिनिटाला उठून गेला असेल? दुसऱ्या की तिसाव्या? मी कोणाशी बोलत होते?

पत्र

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. टार्गेट आठचं, माझे आकडे दोन, तीन, एक. ऑक्टोबरच्या अखेरीस कंपनीचं पत्र आलं. भाषा सभ्य होती, अर्थ सरळ होता. डिसेंबर संपेपर्यंत सुधारणा दिसली नाही तर आपण वेगळे होऊ.

त्या वेळी ह्यांचा टूरिस्ट गाड्यांचा धंदा सात महिने बंद पडलेला होता. दोन गाड्या दारात उभ्या आणि दोन्हींचे हप्ते चालू. मुलगी बारावीला. घरात सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या पेन्शनवर घराचं किराणा सामान चाललं होतं आणि ते कोणी बोलून दाखवत नव्हतं. सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार? पत्र मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि दोन दिवस कोणाला सांगितलं नाही.

माझ्या मॅनेजरनं मात्र एक चांगलं काम केलं. माझ्या डेमोची एक रेकॉर्डिंग पाठवली आणि लिहिलं, "एकदा ऐका."

आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकणं किती अवघड असतं, हे ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा डोक्याच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतून येणारा भाग नसतो. इतर लोक ऐकतात तो आवाज हाच. मला तो चिरका आणि घाईचा वाटला. पहिल्या पाच मिनिटांत मी बंद केलं. रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा लावलं.

मुलीला जाग होती. ती शेजारी येऊन बसली आणि तिनं वहीवर रेघा मारायला सुरुवात केली. बावीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये मी एकसष्ट वेळा "मतलब" म्हटलं होतं. समोरच्या माणसानं चार वेळा काही बोलायला सुरुवात केली होती आणि चारही वेळा मी त्याच्यावरून बोलत पुढे गेले होते. मुद्दाम नव्हे. नेटवर त्याचा आवाज क्षणभर उशिरा येत होता. तो गप्प आहे असं समजून मी पुढचं वाक्य सुरू करत होते, आणि तेवढ्यात त्याचा शब्द येऊन माझ्या शब्दाखाली दबत होता.

दुकानात असते तर मला त्याचे उघडलेले ओठ दिसले असते आणि मी थांबले असते. मुलगी म्हणाली, "आई, तू वाईट बोलत नाहीस गं. तू थांबतच नाहीस."

सात आणि साठ

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खंडव्याच्या एका दुकानदाराचं जवळजवळ ठरलं होतं. तो फोनवर होता, त्याच्या काउंटरवर गर्दी. मी सांगितलं, दिवाळीपर्यंत घेतलंत तर सात टक्के सूट. तो एकदम खूश झाला. म्हणाला, "फिर तो अभी कर दो."

बिल गेल्यावर त्याचा फोन आला तो ओरडतच. त्यानं साठ टक्के ऐकलं होतं. मी सात म्हणाले होते हे मला पक्कं माहीत होतं, पण त्याच्या कानात काय पडलं त्याचं मी काय करणार? त्यानं व्यवहार तर मोडलाच, शेजारच्या दोन दुकानदारांनाही सांगितलं की ही बाई बोलून फिरते.

रात्री जेवताना ह्यांनी तो किस्सा सगळ्यांना सांगितला. मुलगी पोट धरून हसली. नानांनी मान हलवली आणि वरणात भात कालवत राहिले. तेव्हा मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिनं वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "आई म्हणाली ७ टक्के, त्यानं ऐकलं ६०." आणि ते नानांसमोर धरलं.

नाना वाचून थांबले. मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "अगं सूनबाई, आकडा एकदा सांगून भागतं का कधी? तारेत आकडे आले की आम्ही ते शेवटी पुन्हा पाठवायचो. पलीकडून ते बरोबर आले की मग पुढे."

नाना तार खात्यात होते. टरे-टक्क करत बोटांनी तारा पाठवायचे. २०१३ च्या जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली, त्याच्या कितीतरी आधी ते निवृत्त झाले होते. त्या रात्री ते अर्धा तास बोलले. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक फॉर्मवर लिहिताना शब्द कसे खोडत. दिवाळीच्या, लग्नाच्या ठरावीक शुभेच्छांना आकडेच ठरलेले असत, तेवढा आकडा लिहिला की पूर्ण वाक्य पोचायचं. आणि पलीकडच्या तारघरानं "मिळालं" असा संकेत दिल्याशिवाय, नाना म्हणाले, "तार गेली असं आम्ही धरतच नव्हतो. मी पाठवली म्हणजे पोचली असं नसतं बाई."

आम्ही तिघं ऐकत होतो. आणि माझ्या मनात भलताच विचार आला. नाना इतकं शेवटचं कधी बोलले होते? जेवणाच्या टेबलावर आम्ही रोज बोलतो, ते मान हलवतात. आज कागदावर लिहून दाखवलं म्हणून ते हसले. म्हणजे एरवी?

मी कागदावर लिहिलं, "नाना, आम्ही जेवताना बोलतो ते तुम्हाला ऐकू येतं का?"

त्यांनी चष्मा नीट केला, वाचलं, आणि अपराध्यासारखे हसले. म्हणाले, "आवाज येतो. शब्द नाही लागत. सारखं 'काय, काय' कशाला विचारायचं?"

तीन-चार वर्षं ते मान हलवत होते. आणि आम्हाला वाटत होतं, नाना आताशा अबोल झालेत.

नानांची परीक्षा

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी संध्याकाळी सातची शाळा सुरू झाली. मी समोरच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसायचे, नाना पाच-सहा हातांवर खुर्चीत. मी डेमोतली पाच वाक्यं बोलायची. नानांनी त्यांना काय कळलं ते सांगायचं. मुलगी एका वाटीत राजमा घेऊन बसायची, आणि माझ्या प्रत्येक "मतलब"ला एक दाणा स्टीलच्या डब्यात टाकायची. टण्.

ही राजम्याची कल्पना तिनं टोस्टमास्टर्सवरून उचलली होती. १९२४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता अॅना इथं राल्फ स्मेडली नावाच्या माणसानं सुरू केलेली ही भाषणाचा सराव करणाऱ्यांची संस्था आता आपल्याकडेही अनेक शहरांत आहे. तिथं प्रत्येक सभेत एका सदस्याचं कामच असतं, बोलणाऱ्यानं किती वेळा "अं", "म्हणजे" म्हटलं ते मोजायचं. एक जण घड्याळ लावून बसतो. एक जण भाषण झाल्यावर काय चांगलं झालं, काय सुधारता येईल ते सांगतो. आमच्याकडे मोजणारी बारावीतली मुलगी होती आणि मत देणारे नाना.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "वर्षभर सर्व्हिसचे वेगळे पैसे लागत नाहीत."

नाना म्हणाले, "सर्व्हिसचे वेगळे पैसे लागतात."

मी जोरात म्हटलं. नाना म्हणाले, "ओरडू नकोस. ओरडलीस की नुसता आवाज मोठा होतो. तू वाक्याचा शेवट गिळतेस."

मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, आणि खरंच. वाक्य सुरू करताना माझा आवाज खणखणीत, आणि शेवटी शेवटी पुढच्या वाक्याच्या घाईत विरून गेलेला. आता गंमत बघा. आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि "नाही" तर त्याच्याही नंतर. पैसे लागतात की लागत नाहीत, माल परत घेतात की घेत नाहीत, सगळा निकाल शेवटच्या शब्दात. हिंदीतही क्रियापद शेवटीच. म्हणजे मी जो शब्द गिळत होते, तोच नेमका कामाचा होता. इंग्रजीत बोलायला शिकवणारे व्हिडिओ मी डझनभर पाहिले होते, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझ्या सासऱ्यांच्या कानानं सांगितलं.

पुढे ह्यांनी नानांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा आणखी उलगडा झाला. वयाबरोबर ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकांचे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त अशा व्यंजनांची ओळख त्या उंच आवाजांतून पटते. म्हणून माणसाला कोणी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते लागत नाही. आणि साधा फोनही थोडा तसाच असतो. पूर्वीपासून फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्टीतला आवाज जातो, त्यावरचा गाळला जातो. त्यात स्वस्त स्पीकर, दुकानातली गर्दी, रस्त्यावरचे हॉर्न. माझा प्रत्येक ग्राहक त्या क्षणी थोडासा नानांसारखाच होता. सात आणि साठ मध्ये फरक तो किती? एका व्यंजनाचा.

तेव्हापासून मी आकडे दोनदा आणि दोन रीतींनी सांगते. "सात टक्के सूट. म्हणजे शंभर रुपयांत सात रुपये कमी." आणि लगेच तोच आकडा त्यांच्या फोनवर लिहून पाठवते.

पंधरा दिवसांत नानांची उत्तरं बरोबर येऊ लागली. राजम्याचे दाणे एकसष्टवरून नऊवर आले. "मतलब"च्या जागी काय म्हणायचं, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. उत्तर सोपं निघालं, काहीच नाही. तिथं गप्प बसायचं. सुरुवातीला दोन सेकंदांची शांतता मला दोन तासांसारखी वाटायची. नाना म्हणायचे, "मला ती हवी असते. तेवढ्यात मी मागचं वाक्य लावतो."

खोलीची मांडामांड

बोलण्याइतकंच मांडणीचंही होतं. मी खिडकीकडे पाठ करून बसायचे, त्यामुळे समोरच्याला माझा नुसता काळा आकार दिसायचा. तोंड खिडकीकडे केलं. लॅपटॉप टेबलावर खाली होता, मी वाकून बघायचे आणि ग्राहकाला माझी हनुवटी आणि पंखा दिसायचा. लॅपटॉपखाली पिठाचे दोन डबे ठेवले, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला. रिकाम्या भिंतींमुळे आवाज घुमत होता. समोरच्या भिंतीवर आईनं शिवलेली गोधडी टांगली, घुमणं कमी झालं.

डोळ्यांची गोष्ट सगळ्यात अवघड. पडद्यावरच्या त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं की त्याला वाटतं, मी खाली बघतेय. कॅमेऱ्याकडे बघितलं तर त्याचा चेहरा मला दिसत नाही. मग मी नियम केला, मुद्द्याचं वाक्य कॅमेऱ्याकडे बघून, आणि तो बोलत असताना डोळे त्याच्या चेहऱ्यावर.

आणि स्वतःचा चेहरा पडद्यावरून काढून टाकला. पुढे वाचनात आलं की स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्यावर लेख लिहिला, त्यात त्यांनी चार कारणं मांडली: खूप जवळून सतत रोखलेल्या नजरा, सारखं स्वतःलाच बघणं, एका जागी जखडून बसणं, आणि एरवी सहज होणाऱ्या खाणाखुणा मुद्दाम कराव्या लागणं. वाचून मला हायसं वाटलं. दिवसाला चार कॉल करून मी गळून का जाते, हे घरात कोणाला पटवून देता येत नव्हतं.

बुऱ्हाणपूरचा कॉल

डिसेंबरचा दुसरा आठवडा. तोवर महिन्याचे तीन ग्राहक झाले होते. बुऱ्हाणपूरच्या एका दुकानाचा डेमो होता. आवाजावरून मुलगा तिशीचा, मराठी बोलणारा. कॅमेरा बंद. मी सुरू केलं आणि तो दर वाक्याला म्हणत होता, "हं. हं. हं."

चौथ्या मिनिटाला माझ्या अंगावर काटा आला. हे "हं" मी ओळखत होते. नाना वरणभात कालवताना मान हलवायचे, ते हेच होतं.

मी स्क्रीन शेअर बंद केली. म्हटलं, "दादा, मी आतापर्यंत जे बोलले त्यातलं तुमच्या दुकानाच्या कामाचं काही होतं का?"

शांतता. जुनी मी असते तर लगेच पुढे बोलले असते. मी तोंड मिटून बसले. मनात आकडे मोजले. सहा, सात, आठ.

मग तो म्हणाला, "ताई, खरं सांगू? मी ऐकतच नव्हतो."

त्याचे वडील वीस दिवसांपूर्वी वारले होते. दुकान त्यांचंच, चाळीस वर्षांचं. कुठलं औषध कोणत्या फळीवर, कोणाची उधारी किती, कोणत्या स्टॉकिस्टला काय परत द्यायचं, सगळं वडिलांच्या डोक्यात. हा पुण्याला नोकरीला होता, तो येऊन गल्ल्यावर बसला. रोज कोणी ना कोणी येऊन म्हणे, तुझ्या वडिलांकडे माझे इतके राहिलेत. खरं कोण, खोटं कोण, कळायला मार्ग नाही. मुदत संपलेलं औषध चुकून कोणाला दिलं जाईल या भीतीनं त्याला रात्री झोप येत नव्हती.

माझ्या तोंडावर आलं होतं, "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पायरीची यादी एका क्लिकवर निघते." खरंही होतं ते. पण त्यात आधी माल भरायला हवा, आणि त्याला फळीवर काय आहे तेच माहीत नव्हतं. त्या दिवशी त्याला सॉफ्टवेअर विकणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक देणं.

मी म्हटलं, "आज काही विकत घेऊ नका. आज रात्री दुकान बंद केल्यावर एकच कपाट उतरवा. एकच. प्रत्येक औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि नग वहीत लिहा. मुदत संपलेलं आणि तीन महिन्यांत संपणारं वेगळ्या खोक्यात काढा. उद्या दुसरं कपाट. आठ दिवसांनी मला फोन करा."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. त्याच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठीही. डिसेंबर चालला होता आणि मी हातचा ग्राहक सोडला होता.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. या वेळी कॅमेरा चालू होता. त्यानं मला दोन भरलेल्या वह्या दाखवल्या आणि मुदत संपलेल्या मालाचं खोकं दाखवलं. आम्ही तासभर बोललो. मी त्यातली जेमतेम पंधरा मिनिटं.

त्यानं सॉफ्टवेअर घेतलं, पण फेब्रुवारीत. माझ्या डिसेंबरच्या हिशोबात ते धरलं गेलं नाही. डिसेंबरचा माझा आकडा सहा होता. आठचं टार्गेट चुकलंच. एक जानेवारीला मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी तयारीतच होते. तो म्हणाला, "मी तुमची बुऱ्हाणपूरची रेकॉर्डिंग ऐकली. ती नव्या मुलांना ऐकवू का?"

पत्र अजून कपाटात आहे. फेकून द्यावंसं वाटत नाही.

वहीतल्या सहा ओळी

आज मी नव्या मुलामुलींना शिकवते. त्यातले बरेच जण लहान गावांतून, घरातल्या एका कोपऱ्यातून काम करतात. त्यांना मी माझ्या वहीतल्या याच ओळी देते. विक्री करत नसाल तरी ऑनलाइन मुलाखत, कॉलेजचं प्रेझेंटेशन, सोसायटीची मीटिंग, कुठंही उपयोगी पडतील.

१. स्वतःची रेकॉर्डिंग ऐका. पहिल्यांदा नको वाटेल. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि एकच चूक शोधा. एका आठवड्याला एकच.

२. वाक्याचा शेवटचा शब्द स्पष्ट बोला. आपल्या भाषेत निकाल तिथंच लागतो.

३. आकडा दोनदा, दोन रीतींनी सांगा आणि लिहून पाठवा.

४. आधी विचारा, मग दाखवा. "तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?" हा एक प्रश्न वीस स्लाइड वाचवतो.

५. विचारल्यावर गप्प बसा. नेटवर उत्तर उशिरा येतं, आणि मनातलं उत्तर त्याहून उशिरा येतं. मनात आठपर्यंत मोजा.

६. दर तीन-चार मिनिटांनी पोचलं का ते बघा. "समजलं का?" विचारू नका, त्याला सगळे "हो" म्हणतात. "यातलं तुमच्या कामाचं काय वाटलं?" असं विचारा.

सहावी ओळ नानांची आहे.

त्यांना आता दोन्ही कानांना मशीन आहे. पण मशीननं सगळं होत नाही, हे आम्हीही शिकलो. जेवताना टीव्ही बंद असतो. त्यांच्याशी बोलायचं तर आधी त्यांच्या समोर यायचं, चेहऱ्यावर उजेड पडेल असं, आणि एका वेळी एकानंच बोलायचं. ग्राहकांसाठी मी जे जे शिकले ते घरातल्या माणसासाठी कधीच केलं नव्हतं, याची मला आजही खंत वाटते. मुलगी आता बेंगळुरूला नोकरी करते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा ती आधी दिवा लावते, फोन नीट टेकवून ठेवते आणि सावकाश विचारते, "नाना, कसे आहात?"

नाना तिला मागच्या आठवड्याचं सगळं सांगतात. भाजीचे भाव, पायाचं दुखणं, राजवाड्यावरची गर्दी. ती मध्ये बोलत नाही. त्यांचं झालं की म्हणते, "मिळालं, नाना."

आणि मग नानांची पाळी असते तिला विचारायची, "आता तू पाठव."